डॉ. विल्यम केरी : त्यांची वाणी व त्यांचे उपकारस्मरण

विल्यम केरी हे नाव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. इंग्लंडातला एक जोडे शिवणारा मनुष्य बंगाल्यात आला, त्याने व त्याच्या सोबत्यांनी पवित्र शास्त्र कित्येक भाषांत उतरवून छापिले आणि श्रीरामपुरास मोठे विद्यालय स्थापिले, इतके तर शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतात. ती कामे पुन्हा सांगावी म्हणून आम्ही आज लेखणी हाती घेतलेली नाही. असली चरित्रे उपासनेनंतर वाचून दाखविली की आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनी मान डोलावितात. पण मनात म्हणतात की हे थोरांचे थोर, आपण नांगर धरणारे, मजुरीस जाणारे, आपल्या हातून व्याकरणे व कोश थोडेच होणार आहेत? त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु घरात, शेतात व ओट्यावर तोंडाने बोलणे हे तर आपण सर्वच दिवसभर करितो. आणि तहानेच्या वेळी ज्याने पाण्याचा तांब्या पुढे केला त्याची आठवण ठेवणे किंवा विसरणे हेही प्रत्येकाच्या हाती आहे. केरीसाहेबांच्या आयुष्याची ही घरगुती बाजू आम्ही येथे मांडितो.

त्यांचा जन्म इ. स. १७६१ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ व्या तारखेस इंग्लंडातील नॉर्दम्पटनशायर प्रांतात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड विणकर होता, पुढे तो गावच्या शाळेवर मास्तर झाला. विल्यम यास उन्हात काम केल्याने कातडीचा विकार होई, म्हणून शेताचा नाद सोडून सुमारे चौदाव्या वर्षी त्यास पिडिंग्टन गावी एका जोडे शिवणाराच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेविले.

या उमेदवारीतली एक गोष्ट केरी यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे. नाताळच्या दिवसांत उमेदवार पोरांनी गिऱ्हाइकांकडून बक्षीस मागण्याची तिकडे चाल होती. एका लोखंडी सामान विकणाऱ्याने या पोराच्या हातावर एक शिलिंग ठेविला. तो खोटा निघाला. त्या वेळी मालकाचा पैसा खरेदीसाठी त्याच्याजवळ होता. त्यातला खरा शिलिंग त्याने आपल्यासाठी घेतला आणि मालकाच्या पैशातच हा खोटा आला होता असे सांगावयाचे ठरविले. वाटेत त्याने देवाची प्रार्थनाही केली की एवढी एक लबाडी पचू दे, पुन्हा असे करणार नाही! लबाडी पचली नाही. मालकाने चौकशी केली, सर्व उघडकीस आले आणि पोरगा इतका लाजला की पुष्कळ दिवस देवळाकडे जाण्यासही त्यास तोंड राहिले नाही. पैसा एका शिलिंगाचा. परंतु आपले मन आपणांस कसे फसविते व त्या फसवणुकीत देवासही भागीदार करू पाहते, हे त्यास त्या दिवशी कळले. आम्हांस वाटते, पुढे कोणी त्यांची स्तुती करू लागला की ते जे अस्वस्थ होत, त्याचे मूळ येथे असावे.

त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. तो स्वतंत्र मंडळीचा, साधा व भक्तिमान. केरी हे सरकारी चर्चचे, वाचलेले व जिभेचे तिखट. दोघांचे धर्मावर वाद होत. प्रत्येक वादात केरी यांस शेवटचा शब्द आपलाच पाहिजे असे. युक्तिवाद संपला की ते टोमण्यांनी काम भागवीत आणि जिंकून उठत. परंतु जिंकल्यावर मनास चैन पडेना. आपण तोंडाने वर आहो आणि हा मुकाट बसलेला मनुष्य अंतःकरणाने वर आहे, ही गोष्ट रात्री त्यांस टोची. अखेरीस १७७९ साली, सतरा वर्षांचे असताना, ते वॉर याच्याच सोबत्यांच्या प्रार्थनासभेत जाऊन बसले. वॉर याच्या एकाही युक्तिवादाची आज कोणास आठवण नाही. तो टोमण्यास टोमणा देत नसे, एवढेच मागे राहिले आहे. आमच्या उपदेशकांनी बाजारात उभे राहण्यापूर्वी या पोराचे स्मरण करावे.

पुढे केरी हॅकलटन येथे टॉमस ओल्ड याच्याकडे कामास लागले. १७८१ साली डोरोथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचे लग्न झाले. ती ओल्ड याची मेव्हणी. ओल्ड लवकरच वारला, तेव्हा त्याची विधवा व चार लेकरे यांचा भार या गरीब जावयाने उचलिला. १७८३ च्या ऑक्टोबरात नीन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपदेश करावा, शाळा चालवावी आणि त्याने पोट भरेना म्हणून जोडेही शिवावे, असा त्यांचा क्रम होता. शिवलेले जोडे ते केटरिंग गावच्या गॉच नावाच्या व्यापाऱ्याकडे नेऊन देत. गॉच याने पाहिले की या मनुष्याचे चित्त चामड्यापेक्षा पुस्तकांत अधिक आहे. त्याने एके दिवशी त्यांस सांगितले की यापुढे माझे चामडे फुकट घालवू नका. जोड्यांवर तुमची जेवढी कमाई होते तेवढे दहा शिलिंग दर आठवड्यास मी देईन, तुम्ही अभ्यास करा. गॉच याने हे केले नसते तर पुढची गोष्ट कशी झाली असती कोण जाणे.

मिशनरी मंडळी कशी स्थापन झाली ती हकिकत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. १७९२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस केटरिंग येथे वॉलिस नावाच्या विधवेच्या घरी थोडे पाळक जमले आणि त्यांनी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स इतक्या रकमेची आश्वासने दिली. पुढल्या वर्षी जून महिन्यात केरी, त्यांचे कुटुंब, डोरोथीची बहीण कॅथरिन व डॉ. टॉमस ही मंडळी डेन्मार्कच्या एका जहाजावर चढली, आणि ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कलकत्त्यास पोहोचली.

आता उपकारस्मरणाचा पहिला मोठा धडा येतो. टॉमस हे मायाळू खरे, पण त्यांच्या हाती पैसा टिकत नसे. बरोबर आणलेले सर्व थोड्या आठवड्यांत संपले. बायको व वडील मुलगा अतिसाराने आजारी, तान्हे मूल मांडीवर आणि परक्या शहरात डोक्यावर छप्पर नाही. अशा वेळी नीलू दत्त नावाच्या एका हिंदू सावकाराने माणिकतला भागातले आपले बागेतले लहानसे घर त्यांस भाड्यावाचून राहावयास दिले. सावकाराविषयी आपल्या लोकांचे मत काय असते ते आम्ही सांगावयास नको. केरी यांनी मात्र त्याचे नाव विसरून जाऊ दिले नाही. सुमारे वीस वर्षांनी दिवस पालटले; केरी यांस मान व पगार मिळाला आणि त्या सावकारास वाईट दिवस आले. तेव्हा केरी यांनी त्यास सुखाने निर्वाह होईल अशी जागा मिळवून दिली.

तेथून ते सुंदरबनाच्या कडेस देबहाटा येथे गेले. तेथे मिठाच्या खात्यातला चार्लस शॉर्ट हा इंग्रज राहत असे. धर्माविषयी तो उदासीनच होता, मिशनऱ्यांची त्यास ओढ नव्हती. तरीही ओळखदेख नसता त्याने या उपाशी कुटुंबास आपल्या घरात घेतले आणि वाटेल तितके दिवस राहा असे सांगितले. ज्यांच्या हातून आपले भले झाले ते आपल्या विश्वासाचे होते किंवा नव्हते, हा हिशेब केरी करीत बसले नाहीत. कित्येक ख्रिस्ती घरांत आम्ही असे पाहिले आहे की दुष्काळात ज्या शेजाऱ्याने जोंधळे उसने दिले, त्याचे उपकार सुगी आली की विसरतात आणि तो परधर्मी म्हणून त्याच्या पाठीमागे हसतात. हे शोभत नाही.

१७९४ च्या उन्हाळ्यात जॉर्ज उडनी या सज्जनाने केरी यांस मालदा जिल्ह्यात मदनाबाटी येथल्या निळीच्या कारखान्यावर नेमिले. पोटाची सोय झाली. पण पाचच महिन्यांत पाच वर्षांचा पीटर नावाचा मुलगा वारला. केरी स्वतः तापातून नुकतेच उठत होते. जातीच्या भयाने पेटी करावयास सुतार मिळेना. चार मुसलमानांनी मिळून खड्डा खणण्याचे कबूल केले. प्रेत उचलावयास मात्र सात-आठ मैलांत माणूस निघेना. आईबापांनीच आपले लेकरू उचलून नेण्याचा निश्चय केला होता, इतक्यात जातीबाहेर पडलेला एक पोरगा आणि घरातला झाडूवाला असे दोघे पुढे झाले व त्यांनी ते ओझे उचलिले. त्या दोघांची नावे कोठे लिहिलेली आम्हांस आढळली नाहीत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्यांच्याच पंक्तीतले होते.

डोरोथीबाईंचे मन या दुःखातून वर आले नाही. १७९५ सालापासून त्यांस वेड लागले. नवरा दुराचारी आहे असा संशय त्यांच्या डोक्यात बसला आणि त्या चारचौघांसमोर, नोकरांसमोर त्यांस वाटेल ते बोलू लागल्या. कधी कधी अंगावरही धावून जात. हे एक-दोन महिने नव्हे, बारा वर्षे चालले. त्यांस एका खोलीत ठेवावे लागे आणि शेजारच्या खोलीत केरी आपल्या पंडितांबरोबर भाषांतर करीत बसत. त्यांनी उलट शिवीगाळ केली नाही व बायकोस घराबाहेर कोठे टाकिली नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या श्रीरामपुरास आपल्या घरीच वारल्या.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. जुन्या चरित्रकारांपैकी कित्येकांनी या बाईस नवऱ्याच्या कामातली धोंड म्हणून दाखविले आहे. आम्हांस हा अन्याय वाटतो. लग्नाच्या वेळी ज्या बाईस आपले नावही लिहिता येत नव्हते, तिला तान्ह्या लेकरासह सातासमुद्रांपलीकडे यावे लागले; आजार, उपासमार व पोटच्या पोराचे मरण हे सर्व दोन वर्षांच्या आत तिच्यावर कोसळले. वेड हा रोग आहे, पाप नव्हे. जो मेला त्यास उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्याविषयी तोंड उघडताना अधिकच जपावे लागते. आणि केरी यांच्या पदरीही दोष होता. कामाच्या व्यापात मुलांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. मुलगे उनाड होत चालले होते. श्रीरामपुरास आल्यावर मार्शमनसाहेबांच्या पत्नी हॅना यांनी त्या मुलांस आईची माया दिली आणि वॉर्डसाहेबांनी थोरल्या फेलिक्सला वळण लाविले.

त्या काळात त्यांच्या स्वतःच्या मनात काय चालले होते ते त्यांच्या रोजनिशीवरून समजते. ती वाचताना मोठ्या मिशनऱ्याची विजयगाथा आपण वाचीत आहो असे वाटत नाही. मन कोरडे पडले आहे, प्रार्थना होत नाही, एकही मनुष्य ख्रिस्ताकडे वळला नाही, अशी रड ते पानोपानी देवापुढे मांडितात. गाऱ्हाणे होते, पण ते त्यांनी योग्य दारी नेले.

१८०० सालच्या जानेवारी महिन्याच्या १० तारखेस केरी श्रीरामपुरास आले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होते, आणि कंपनी सरकार मिशनऱ्यांस थारा देत नसता तेथल्या गव्हर्नर बी साहेबांनी त्यांस आश्रय दिला. इंग्लंडाहून नुकतेच आलेले शाळामास्तर जोशुआ मार्शमन, डर्बीचे छापखानेवाले विल्यम वॉर्ड व दुसरे सोबती यांच्यासह सर्व कुटुंबे एकाच मोठ्या घरात राहू लागली. चूल एक, पंगत एक, पैशाची थैलीही एक. एका घरात दोन सुना असल्या म्हणजे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. येथे तर चार-पाच कुटुंबे, त्यात एक बाई वेडी, कोणी तापट तर कोणी हळवे! भांडणे होणार हे त्यांनी अगोदरच ओळखिले आणि त्यावर एक साधा उपाय केला. दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, त्या आठवड्यात ज्याच्या मनात ज्याच्याविषयी काही सलत असेल ते तेथे समोरासमोर बोलून मिटवावे, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यावे, असा नियम झाला. वॉर्ड यांच्या रोजनिशीत या नियमाची नोंद आहे.

शनिवारच का, ते तेथे लिहिलेले नाही. आमच्या समजुतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी प्रभुवार, म्हणूनच. आठवड्याचा राग आठवड्यातच संपावा, तो वेदीपर्यंत जाऊ नये. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत राग किती दिवस राहतो? आम्ही अशी गावे पाहिली आहेत की जेथे पाणवठ्यावरच्या एका शब्दावरून, किंवा कोणाच्या लग्नात मानाचे पागोटे राहिले एवढ्यावरून, दोन घराणी तीन तीन वर्षे उपासनेत वेगवेगळ्या बाजूंस बसतात आणि प्रभुभोजनाचा दिवस आला की एक घराणे मुद्दाम बाजारास जाते. शब्द ज्याच्याविषयी असतो त्याच्यापुढे तो कधीच बोलला जात नाही. शेजारणीपुढे, सोयऱ्यापुढे, पाळकापुढे बोलला जातो, आणि फिरत फिरत मोठा होऊन त्याच्याकडे पोहोचतो. श्रीरामपूरकरांनी ही वाटच बंद केली. केरी, मार्शमन व वॉर्ड हे तिघे स्वभावाने अगदी भिन्न. मार्शमन करारी व बोलण्यात अवघड, वॉर्ड मोकळे, केरी भिडस्त. तरी १८२३ साली वॉर्ड महामारीने वारले तोपर्यंत तेवीस वर्षे त्यांची थैली एकच राहिली.

१८०५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी आपल्या कामाचा एक करारनामा लिहिला. तो दर वर्षी जानेवारी, मे व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या प्रभुवारी प्रत्येक ठाण्यावर वाचावा असे ठरले. त्यातली एक गोष्ट उपदेशकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोकांच्या देवांची पापे कडू शब्दांनी उघडी करू नये, त्यांच्या मूर्तींस इजा करू नये, त्यांच्या पूजेत व्यत्यय आणू नये, ख्रिस्ताचे मरण व त्याची प्रीती हीच सांगावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. केरी यांस मूर्तिपूजा मान्य होती असे कोणी समजू नये. परंतु पिडिंग्टनच्या दुकानात टोमण्याने वाद जिंकून जे हाती आले ते त्यांनी पाहिले होते.

पहिला बंगाली विश्वासी कृष्ण पाल हा सुतार. त्याचा हात निखळला होता, तो डॉ. टॉमस यांनी बसविला, त्या निमित्ताने त्याची ओळख झाली. आणि १८०० च्या डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेस केरी यांनी त्यास व आपला मुलगा फेलिक्स यास एकाच वेळी हुगळी नदीत बाप्तिस्मा दिला. पुढे १८०३ साली कृष्ण पालच्या मुलीचे लग्न कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण जातीतून आलेल्या विश्वासी तरुणाशी लागले, आणि मिशनरी कुटुंबे सुताराच्या घरी पंगतीस बसली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गोकुळ नावाचा विश्वासी वारला. त्याच्या पेटीस चौघांनी खांदा दिला : मार्शमनसाहेब, फेलिक्स केरी, ब्राह्मण जातीतून आलेला भैरव आणि मुसलमानांतून आलेला पीरू. नऊ वर्षांपूर्वी याच फेलिक्सच्या धाकट्या भावास उचलावयास कोणी मिळाले नव्हते.

१८०१ साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात केरी यांची बंगाली शिकविण्यास नेमणूक झाली. पुढे संस्कृत व मराठीही त्यांच्याकडे आली. पगार प्रथम दरमहा ५०० रुपये व पुढे १००० झाला. त्यातला थोडा निर्वाहास ठेवून बाकीचा ते मिशनच्या थैलीत टाकीत. आपल्या मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी १८०५ साली व मोडी लिपीतला कोश १८१० साली छापिला. नवा करार १८११ साली श्रीरामपुरास मराठीत निघाला. त्यांनी महाराष्ट्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही. ही सर्व मराठी त्यांस कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांच्यापासून मिळाली, आणि केरी यांनी हे ऋण लपवून ठेविले नाही. पंडितांचे नाव आपल्या पुस्तकात घातले. बंगाली व संस्कृतासाठी मृत्युंजय विद्यालंकार हे त्यांचे गुरू. चित्रकाराने केरी यांची तसबीर काढिली तीत ते एकटे नाहीत. बाजूस त्यांचे पंडित बसले आहेत. हे पंडित ख्रिस्ती झाले नाहीत. शिकविले मात्र त्यांनी मनापासून, आणि शिष्यानेही ते मनापासून मानिले.

लॉर्ड हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना बराकपूर येथे त्यांच्या घरी एकदा मेजवानी होती व केरीसाहेब पाहुण्यांत होते. समोर बसलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने शेजाऱ्यास, पण केरी यांस ऐकू जाईल अशा बेताने, विचारिले की हा केरी पूर्वी जोडे शिवीत असे ना? मोठ्यांच्या पंगतीत मनुष्याची जात काढावी तसलाच हा प्रकार. केरी यांनी शांतपणे सांगितले की नाही, जोडे शिवणारा नव्हे, नुसता फाटके जोडे दुरुस्त करणारा. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आपला धंदा त्यांनी एक पायरी खाली उतरवून सांगितला आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती काही उरले नाही. आमच्यापैकी ज्यांस कचेरीत, शाळेत किंवा आगगाडीत असले प्रश्न विचारण्यात आले आहेत, त्यांस हे उत्तर किती अवघड आहे ते कळेल. तसा अपमान मुकाट्याने सोसावा असे आमचे म्हणणे नाही. कायद्याने मिळालेला हक्क अवश्य मागावा. पण आरी व रापी यांची लाज केरी यांस वाटत नव्हती, म्हणून ती दुसऱ्या कोणास त्यांच्या अंगावर फेकता आली नाही. एडिंबरो येथल्या मोठ्या त्रैमासिकात सिडनी स्मिथ या पाद्र्याने त्यांच्या मिशनची जोडे शिवणारे म्हणून टवाळी केली, तेव्हाही त्यांनी कागदावर शिव्यांची परतफेड केली नाही.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी कलकत्त्यास होते. सकाळी मार्शमन यांनी जाऊन बातमी सांगितली. सुमारे सत्तर हजार रुपयांचे नुकसान झाले होते. कागद, टाइप आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे केरी यांची हस्तलिखिते, अनेक भाषांच्या एकत्र कोशाची, तेलुगू व पंजाबी व्याकरणांची, राख होऊन गेली होती. आग कशी लागली ते समजले नाही. घरात मडके फुटले तरी कोणी फोडिले हे आपण प्रथम विचारितो. छापखाना वॉर्ड यांच्या ताब्यातला. केरी यांची वर्षांची मेहनत त्यात गेली. तरी दोष देणारा शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचे आढळत नाही. कोणाचा जीव गेला नाही, छापण्याची यंत्रे वाचली व अक्षरांचे पोलादी ठसे राखेखाली शाबूत सापडले, याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानिले. शेचाळिसाव्या स्तोत्राच्या दहाव्या वचनावर त्यांनी उपदेश केला. जवळची एक मोठी इमारत थोड्याच दिवसांपूर्वी रिकामी झाली होती, तीत काम पुन्हा चालू झाले. इंग्लंडात सुमारे दोन महिन्यांत दहा हजार पौंड जमले, आणि आता पुरे असे फुलरसाहेबांस लोकांस सांगावे लागले. जळालेली हस्तलिखिते मात्र पैशाने परत येणारी नव्हती. ती केरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहीत बसले.

घरच्या दुःखात जीभ आवरणे अधिक कठीण. फेलिक्स ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला होता. १८१४ साली तो तेथल्या राजाच्या चाकरीत वकील झाला. लोकांनी अभिनंदन केले. केरी यांस वाटले की मुलगा मोठ्या पदावरून लहान पदावर आला, आणि तसे त्यांनी लिहिलेही. त्याच साली इरावती नदीत नाव बुडून फेलिक्सची बायको व मुले गेली. तो थाटात कलकत्त्यास आला, कर्जात बुडाला, मग रानोमाळ भटकत राहिला. १८१८ साली वॉर्ड यांनी त्यास गाठून परत आणिले. बापाने मागचा हिशेब काढिला नाही. आपल्या टेबलाजवळ त्यास भाषांतराच्या कामास बसविले. चार वर्षांनी तो बापाआधीच वारला.

पुढे इंग्लंडातील जुने मित्र वारले आणि नव्या कमिटीने जमाखर्चाबद्दल संशय घेतला. तरुण मिशनरी वेगळे झाले. त्यांत केरी यांचा सख्खा पुतण्या युस्टेसही होता. दोष बहुतेक मार्शमन यांस दिला जाई, केरी यांस सर्व मानीत. त्यांनी नुसते गप्प बसून स्वतःस वाचविता आले असते. ते मार्शमन यांच्या बाजूस उभे राहिले, आणि १८२७ साली श्रीरामपूर व ती मिशनरी सोसायटी वेगळी झाली. या वादात दोन्ही पक्षांनी जी पत्रके छापिली ती वाचून आम्हांस दुःख झाले. सर्वच शब्द शनिवारच्या संध्याकाळचे नव्हते. तरी पुतण्याशी बोलणे त्यांनी कायमचे तोडिले नाही.

त्यांच्या घरी इंग्लंडात पॉली नावाची बहीण होती. पन्नासहून अधिक वर्षे ती अर्धांगाने अंथरुणास खिळलेली. एक उजवा हात तेवढा चाले. त्या हाताने ती भावास पत्रे लिही, आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करी. केरी तिला खर्चास पाठवीत व आपल्या सर्व गोष्टी लिहून कळवीत. त्यांच्या भाषांतरांच्या यादीत तिचे नाव कोठेही नसले तरी आम्ही ते येथे घालतो.

बागेची त्यांस फार आवड. एकदा इंग्लंडाहून बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर त्यांनी पिशवी बागेच्या एका कोपऱ्यात झटकिली. काही दिवसांनी त्या मातीत इंग्लंडच्या कुरणात वाटेल तेथे उगवणारे डेझी नावाचे क्षुल्लक पांढरे फूल उगवले. तीस वर्षे त्यांनी ते पाहिले नव्हते. त्यांस झालेला आनंद त्यांनी बिया पाठविणारास कळविला आणि दर वर्षी बी धरून ते फूल जगविले. पिशवी पाठविणारास ते फूल आपण पाठविले हे ठाऊकही नव्हते!

१८३४ साली ते अंथरुणास लागले. अलेक्झांडर डफ हे तरुण स्कॉच मिशनरी भेटीस आले व केरी यांच्या कार्याविषयी बराच वेळ बोलत राहिले. केरी यांनी प्रार्थना करण्यास सांगितले. डफ निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारून जवळ बोलाविले आणि सांगितले की तुम्ही डॉ. केरींविषयी फार बोललात. मी गेल्यावर डॉ. केरींविषयी काही बोलू नका, त्यांच्या तारणाऱ्याविषयी बोला.

जून महिन्याच्या ९ तारखेस सकाळी ते वारले. दुसऱ्या दिवशी प्रेतयात्रा निघाली तेव्हा डेन्मार्कच्या गव्हर्नरांनी निशाण अर्ध्यावर उतरविले होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस श्रीरामपूरचे गरीब हिंदू व मुसलमान उभे होते. दगडावर नाव, जन्माचे व मरणाचे साल आणि एका गीताच्या दोन ओळी यांखेरीज काही लिहू नये असे त्यांनी सांगून ठेविले होते. मार्शमन आणखी तीन वर्षे जगले. वॉर्ड, केरी व मार्शमन या तिघांच्या कबरी श्रीरामपुरास एकाच आवारात आहेत.